मळी

पिंप आलं तेव्हा शिरोलीत रात्रपाळी सुरू होती.
झाकण उघडलं, आणि रफीक मुजावर दोन पावलं मागं सरला.
"मॅडम, ह्यात काय मेलंय?"

मेलं होतं खरंच.
कुठल्या तरी आटलेल्या तळ्याचं शेवाळ,
तळ्याला नाव ठेवायला माणूस नव्हता तेव्हाचं.
त्यावर गाळ बसला, गाळाचा दगड झाला,
दगड भट्टीत घालून कुणी त्याचा घाम काढला,
आणि तो घाम, काळा, मेणचट,
नुसता ठेवला तरी दिवसागणिक चिकट होणारा,
आमच्याकडं आला:
याचं डिझेल होतंय का बघा.

मी वडणग्याच्या गुळव्याची मुलगी.
मला आधी मळी दिसते.

काहिलीत रस तापला की आण्णा
चेचलेल्या भेंडीचं पाणी सोडायचे.
रसातली घाण आपण होऊन वर यायची,
हिरवट, फेसाळ,
नाव पुकारल्यावर उठून यावं तशी.

इथं भेंडी नाही. हायड्रोजन आहे.
निकेल-मॉलिब्डेनमचे दाणे, जोंधळ्याएवढे,
पोलादी नळीत ठासून भरलेले,
तीनशे ऐंशी अंश, आणि दाब असा
की रफीक त्या भिंतीला पाठ करत नाही.
तेलात दडी मारून बसलेला नायट्रोजन
अमोनिया करून बाहेर काढायचा,
गंधक सडक्या अंड्याच्या वासानं जातं.
जिथं जिथं हात मोकळे राहिलेत साखळीचे
तिथं हायड्रोजन द्यायचा धरायला,
म्हणजे ते एकमेकांच्या गळ्यात पडत नाहीत.

पहिल्या आठवड्यात नळी तुंबली.
तिसऱ्या आठवड्यात कळलं: आर्सेनिक.
चांगले दाणे एकेक करून मरत होते.
रफीकनं पुढं आणखी एक नळी जोडली,
वापरून टाकलेल्या दाण्यांची.
"विष आधी म्हाताऱ्यांनी प्यायचं," म्हणाला,
"पोरं मागं."

मग तेल उतरलं.
नव्या काकवीसारखं, असं लिहिणार होते नोंदवहीत.
लिहिलं: रंग, फिकट पिवळा.

त्यानंतर तोडणं.
झिओलाइटची पूड, मैद्यासारखी,
तिच्या पोटात इतकी बारीक भोकं
की लांब साखळी आत शिरते ती तुकडे होऊनच निघते.
पाचशे अंश. काही सेकंद.
थोडा गॅस, थोडं पेट्रोल, डिझेलजोगं थोडं,
तळाला जड राहतं ते.
आणि पूड काळी. दर खेपेला काळी.
तिच्यावरचा कोळसा हवेत जाळायचा,
की ती परत कामाची;
आणि त्या जळण्याच्या धगीवरच पुढचं आदण.
उसाचंच चिपाड उसाचा रस शिजवतं, तसं.

आण्णांना एकदा शेड दाखवायला आणलं.
त्यांनी थेंब अंगठा आणि बोटात धरला,
गोळी होतेय का बघतात तसा चोळला, हुंगला.
"मळी कुठं टाकतीस?"

अमोनियाचं पाणी या टाकीत.
गंधक त्या.
"आन् पुडीवरचा कोळसा?"

मी वर बोट केलं नाही.
पत्र्याबाहेर नळकांड्याच्या टोकाशी
हवा नुसती थरथरत होती,
दिसण्यासारखं काही नव्हतं.

"आमची मळी उसाच्या बुडात जायची,"
एवढंच बोलले. पुढं चहा मागितला.

शनिवारी औषधाच्या बाटलीत शंभर मिली घेऊन
आम्ही वडणग्याला गेलो.
चरकाचं इंजिन, नऊ वर्षं बंद.
रफीकनं नोझल धुतलं, हँडल मारलं.
तीनदा फुसकलं. चौथ्याला धरलं.
पट्टा नव्हता, चरक कधीच भंगारात गेलेला,
रिकामं चाक आपलं फिरत होतं, अकरा मिनिटं,
बांधावरचे बगळे उडून परत येऊन बसले.

आण्णांनी धुराड्यावर तळवा धरला,
काजळी बघितली,
धोतराला न पुसता माझ्यापुढं केला.
"हेबी लिव्ह."

रफीक तोवर बाटली उलटी धरून
उरलेले थेंब मोजत होता.